अडुळशाचं वॅसिसीन शुद्ध होतं, तरी दुसरा स्पॉट परत का येतो?

वॅसिसीन हे अडुळशाच्या पानातलं मुख्य अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेलं, बेससारखं वागणारं कंपाउंड. ते वेगळं काढणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "मॅडम, अडुळशाच्या पानातून वॅसिसीन काढलं, कॉलम लावला, टीएलसीवर एकच स्पॉट होता, फोटोसुद्धा आहे. एनएमआरला पाठवलं तर रिपोर्टमध्ये दोन कंपाउंड. परत कॉलम लावला, परत एक स्पॉट. आठवड्याने बघितलं तर परत दोन." एमएस्सी आणि एमफार्मच्या प्रोजेक्टचे दिवस आले की दरवर्षी दोन-तीन जण तरी हेच घेऊन येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाने तोवर तीन कॉलम आणि दहा-बारा लिटर क्लोरोफॉर्म खर्च केलेलं असतं.

नवख्यांसाठी: कॉलम म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून मिश्रण वेगळं करणं, टीएलसी म्हणजे तेच सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर, जिथे प्रत्येक कंपाउंडचा वेगळा ठिपका (स्पॉट) दिसतो, आणि एनएमआर म्हणजे रेणूतले हायड्रोजन-कार्बन कुठे बसलेत ते दाखवणारी चाचणी. उत्तर आधीच सांगते. तो दुसरा स्पॉट बहुतेक वेळा वॅसिसिनोन असतो, आणि त्यातला बराचसा पानातून आलेला नसतो, आपण बनवलेला असतो. म्हणून कॉलम कितीही सुंदर लावला तरी तो परत येतो. तुम्ही घाण काढताय, पण घाण होण्याचं कारण तसंच ठेवताय.

वॅसिसीनच्या मधल्या रिंगमध्ये एक सीएच-टू आहे. त्याच्या एका बाजूला बेंझीन, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. असं मोक्याचं सीएच-टू हवेतला ऑक्सिजन सुखाने राहू देत नाही. हळूहळू तिथे कार्बोनिल तयार होतं आणि वॅसिसीनचं वॅसिसिनोन होतं. दोन हायड्रोजन गेले, एक ऑक्सिजन आला. रेणुभार १८८ वरून २०२. ही काही नवी गोष्ट नाही. वॅसिसीन १८८८ साली हूपरने वेगळं केलं, वॅसिसिनोन १९५९ मध्ये अमीन आणि मेहता यांनी 'नेचर'मध्ये मांडलं, आणि एक उघडं ठेवलं की दुसरं तयार होतं हेही तेव्हापासूनचं ज्ञान आहे. तरी प्रोजेक्टच्या 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये 'रात्रभर ठेवले' हे वाक्य हमखास असतं.

माझी स्वतःची फजिती

मला हे पुस्तकातून कळलं नाही. पांढऱ्याशुभ्र सुया मिळाल्या होत्या, टीएलसीवर तीन वेगवेगळ्या सॉल्व्हंट सिस्टीममध्ये एकच स्पॉट. मी उत्साहाने पंधरा मिलिग्रॅम ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये (एनएमआरसाठीचं, हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं) विरघळवून, व्हायलला टेप लावून दुसऱ्या शहरातल्या मशीनवर कुरिअरने पाठवले. नंबर लागायला नऊ दिवस गेले. रिपोर्ट आला तेव्हा ८.३ पीपीएमच्या आसपास एक डब्लेट (दोन शेंड्यांचा पीक) दिमाखात उभं होतं. वॅसिसीनमध्ये तिथे काहीच नसतं. त्याचे ॲरोमॅटिक प्रोटॉन ७.३ च्या खालीच गर्दी करून बसतात. ८.३ चा प्रोटॉन म्हणजे कार्बोनिलच्या शेजारचा, म्हणजे वॅसिसिनोनचा.

मी काय केलं? कॉलम परत लावला. दोनदा. तिसऱ्या वेळी कुठे अक्कल आली. एकाच ढिगातल्या सुयांचे दोन भाग केले. एक भाग कोरडाच फ्रीजमध्ये, दुसरा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून खिडकीजवळच्या रॅकवर. आठ दिवसांनी दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावले. फ्रीजमधल्याचा एक स्पॉट. रॅकवरच्याचे दोन, आणि वरचा चांगला ठसठशीत. नमुना माझ्या टेबलावर शुद्ध होता. बिघडला तो रांगेत उभा असताना.

तेव्हापासून एनएमआरला द्रावण पाठवत नाही. कोरडा नमुना, गडद रंगाची व्हायल, जमलं तर नायट्रोजन फिरवून बंद, आणि फॉर्मवर स्पष्ट विनंती: ज्या दिवशी रन करणार त्याच दिवशी विरघळवा. बहुतेक ठिकाणी ऐकतात. न ऐकणाऱ्या ठिकाणी फोन करावा लागतो.

दुसरा स्पॉट कोण आहे, हे आधी ठरवा

सगळे दुसरे स्पॉट वॅसिसिनोनचे नसतात. त्यामुळे कॉलमकडे हात जाण्याआधी पहिला प्रश्न हा: तो ड्रॅगनडॉर्फ (अल्कलॉइडला नारिंगी रंग देणारं रिएजंट) घेतो का? प्लेट २५४ च्या यूव्हीखाली बघा, पेन्सिलने गोल करा, मग ड्रॅगनडॉर्फ फवारा. दोन्ही स्पॉट नारिंगी आले तर दोन्ही अल्कलॉइड, पुढे वाचा. यूव्हीत दिसणारा दुसरा स्पॉट ड्रॅगनडॉर्फला ढिम्म हलला नाही, तर तो बहुतेक पानातलाच नाही. थेट खालच्या 'ड्रॅगनडॉर्फ न घेणारा स्पॉट' या भागावर जा.

दोन्ही नारिंगी असतील तर माझी आवडती चाचणी करा, तिला फक्त एक चौकोनी प्लेट लागते. १० बाय १० सेंटिमीटरची प्लेट घ्या, एका कोपऱ्यात नमुन्याचा एकच ठिपका द्या. प्लेट एका दिशेने चालवा. बाहेर काढून वाळवा आणि अर्धा-पाऊण तास तशीच हवेत ठेवा. मग ९० अंशात फिरवा आणि त्याच सॉल्व्हंटमध्ये परत चालवा. काहीही बदललं नसेल तर सगळे स्पॉट कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरप्या रेषेवरच बसतात, कारण दोन्ही वेळा प्रत्येकाचा वेग सारखाच असतो. रेषेच्या बाहेर एखादा स्पॉट दिसला तर तो पहिल्या आणि दुसऱ्या रनच्या मधे, सिलिकावर बसल्या बसल्या तयार झालाय. म्हणजे तुमचा कॉलमच कारखाना आहे.

मास (रेणूचं वजन मोजणारं मशीन) असेल तर काम आणखी सोपं. त्याच्या पॉझिटिव्ह ईएसआय पद्धतीत रेणूवर एक प्रोटॉन चढतो, म्हणून वॅसिसीन १८९ ला, वॅसिसिनोन २०३ ला. फरक १४. इथे बरेच जण फसतात, कारण १४ म्हणजे 'मिथाइल लागलं' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि मिथेनॉल वापरलेलं असल्याने ते पटतंही. हाय रिझोल्यूशन मागवा. पीक २०३.०८१५ ला असेल तर ऑक्सिजन आलाय, २०३.११७९ असेल तर मिथाइल. दुसऱ्या दशांशातच निकाल लागतो. १७१ चा पीक दिसला म्हणून नवं कंपाउंड सापडल्याचा आनंद करू नका. वॅसिसीनमधून पाणी निघून गेलं की १७१ उरतं, मशीनच्या आतच. २०५ मात्र खरा पाहुणा असू शकतो: वॅसिसिनॉल, पानात असतंच.

आणि हाय रिझोल्यूशन परवडत नसेल तर डेप्ट-१३५ (सीएच-टू उलटे, खाली दाखवणारा कार्बन एनएमआर) करून घ्या. वॅसिसीनमध्ये खाली लोंबणारे तीन सीएच-टू मोजता येतात, वॅसिसिनोनमध्ये दोनच. तिसऱ्याच्या जागी १६० पीपीएमच्या आसपास एक कार्बोनिल कार्बन येतो, जो डेप्टमध्ये दिसतच नाही. अकरा कार्बनचा रेणू आहे, बोटांवर मोजून होतो.

घरगुती खात्री करायची असेल तर चिमूटभर वॅसिसीन मिथेनॉलमध्ये विरघळवून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-चार थेंब टाका, लहान व्हायलमध्ये, झाकण सैल. त्यातून वॅसिसिनोन तयार होतं. अधूनमधून एक थेंब काढून तुमच्या संशयित नमुन्याशेजारी लावा. मधल्या लेनमध्ये दोन्ही एकावर एक. तीनही लेनमध्ये वरचा स्पॉट एकाच रेषेत आला, की संशय पक्का. हे ॲसिटोनमध्ये करू नका. ॲसिटोन आणि पेरॉक्साइड एकत्र आले की स्फोटक पदार्थ बनू शकतो. आणि मिथेनॉलमधलं मिश्रणही रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) कोरडं करायचं नाही. प्लेटवर लावण्यापुरतंच ते आहे.

कुठे कुठे हवा लागते

आता मूळ दुरुस्ती. पद्धत सगळ्यांची साधारण हीच असते: सावलीत वाळवलेल्या पानांची पूड, मिथेनॉलमध्ये अर्क, आटवून आलेला हिरवा चिकटा २ टक्के ॲसिटिक आम्लात, गाळून हेक्सेनने धुणे, मग अमोनियाने पीएच ९ ते १० आणि क्लोरोफॉर्मने ओढून घेणे. पद्धत चांगली आहे. बिघडतं ते दोन पायऱ्यांच्या मधे.

आम्लात असेपर्यंत वॅसिसीन बऱ्यापैकी सुरक्षित असतं, कारण नायट्रोजनवर प्रोटॉन बसलेला असतो. तुम्हाला घरी जायचं असेल, बस चुकत असेल, लाइट गेली असेल, तर त्या पायरीवर थांबा. बाटली बंद करा, फ्रीजमध्ये ठेवा. अमोनिया टाकला की घड्याळ सुरू झालं असं समजा. मुक्त बेस (प्रोटॉन उतरलेलं वॅसिसीन), क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेला, वर उजेड आणि हवा: यापेक्षा वाईट जागा त्याला मिळणार नाही. नेमकं याच ठिकाणी लोक क्लोरोफॉर्मच्या लेयरमध्ये पाणी शोषायला सोडियम सल्फेट टाकून 'उद्या गाळू' म्हणून निघून जातात. सल्फेटला अर्धा तास पुरतो. त्याच दिवशी गाळा, ४० अंशांच्या आतल्या बाथवर आटवा, आणि रोटाव्हॅप बंद करताना व्हॅक्यूम हवेने न तोडता नायट्रोजनने तोडता आला तर उत्तम.

इमल्शन पडतं म्हणून उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. अडुळशाच्या अर्काला फेस येतो आणि सेपरेटिंग फनेल जोरात हलवलं की मधे मलईसारखा थर तासन्‌तास बसून राहतो. हलवू नका, नुसतं उलटंसुलटं करा, वीसेक वेळा. तरी पडलंच तर संपृक्त मिठाचं पाणी टाका, नाहीतर सेलाइटच्या (गाळायची बारीक पूड) पातळ थरातून गाळा. सेंट्रिफ्यूज मोकळं असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

कॉलमबद्दल माझं मत ऐकायला कठोर वाटेल: अडुळशाला कॉलम लागतच नाही. आम्ल-अल्काची फेरी दोनदा नीट केली, हेक्सेनने धुण्यात कंजुषी केली नाही, तर क्लोरोफॉर्म आटवल्यावर जे पिवळसर उरतं ते थोड्या गरम इथेनॉलमध्ये विरघळवून थंड केलं की सुया पडतात. फ्लास्कच्या काठावर काचेच्या कांडीने घासा, लवकर पडतात. मुलं फ्लास्कमधले स्फटिक धुऊन कॉलमवर चढवतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सिलिका आम्लधर्मी, आपलं कंपाउंड बेस, त्यामुळे ते रेंगाळतं, लांब शेपूट सोडतं. पंचविसाव्या फ्रॅक्शनपासून साठाव्यापर्यंत एकच वॅसिसीन पसरलेलं असतं आणि वहीत त्याची तीन नावं पडतात. कॉलम लावायचाच असेल तर न्यूट्रल ॲल्युमिनावर लावा किंवा सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायइथाइलअमीन टाका, आणि सकाळी सुरू केलेला संध्याकाळी संपवा. शुक्रवारी भरलेला कॉलम सोमवारी उघडला तर त्यातून काय निघेल हे वर सांगून झालंय.

साठवणीसाठी मुक्त बेस ठेवूच नका. हायड्रोक्लोराइड करून ठेवा. माझ्याकडे तसा ठेवलेला नमुना महिनोन्‌महिने एकच स्पॉट देतो. लागेल तेव्हा चिमूटभर घेऊन अमोनियाने मोकळा करायचा, तेवढ्यापुरता.

एकाच नमुन्याचे पीक दर वेळी सरकतात

याच कुटुंबातली दुसरी तक्रार. आज ४.६ ला दिसणारा सीएच-टू पुढच्या वेळी भलतीकडेच. कंपाउंड बदललेलं नसतं. जुन्या बाटलीतल्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल तयार झालेलं असतं आणि ते तुमच्या बेसला अर्धवट प्रोटॉन चढवतं. किती चढेल ते बाटलीच्या वयावर आणि नमुना किती घातला त्यावर. पाश्चर पिपेटमध्ये कापूस, त्यावर दोन सेंटिमीटर बेसिक ॲल्युमिना, त्यातून सॉल्व्हंट गाळून थेट ट्यूबमध्ये. किंवा सरळ ड्युटेरेटेड मिथेनॉल वापरा. महाग पडतं, पण परत रन करण्याच्या पैशांपेक्षा स्वस्तच.

ड्रॅगनडॉर्फ न घेणारा स्पॉट

एकदा एक मुलगा 'अडुळशातला नवीन डायएस्टर' घेऊन आला. ॲरोमॅटिकमध्ये ७.७ आणि ७.५ ला दोन आरशासारखे सममित गुच्छ, ४.२ ला ऑक्सिजनशेजारचा सीएच-टू, आणि ०.९ पासून वर अल्काइलची गर्दी. स्पेक्ट्रम इतका स्वच्छ की वाईट वाटलं. जीसी-मासमध्ये बेस पीक १४९. सोबत १६७ आणि २७९. हा डायइथाइलहेक्सिल थॅलेट, पीव्हीसी मऊ करायला घालतात तो. त्याच्या रोटाव्हॅपची पारदर्शक नळी आणि ॲसिटोनची प्लास्टिकची वॉश बॉटल, दोन्ही संशयित. ईएसआयमध्ये हाच ३९१ आणि सोडियमसह ४१३ ला दिसतो. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत.

'पण मॅडम, तब्बल ३० मिलिग्रॅम मिळालं, इतकं नळीतून कसं येईल?' नळीच कशाला, सॉल्व्हंटच पुरतो. क्लोरोफॉर्मच्या अडीच लिटरच्या बाटलीत साधारण ३.७ किलो द्रव असतो. लेबलवर अबाष्पशील अवशेष ०.००१ टक्के असं लिहिलं असेल, म्हणजे बऱ्यापैकी चांगली ग्रेड, तरी एका बाटलीतून ३७ मिलिग्रॅमपर्यंत काहीतरी मागे उरू शकतं. कॉलमला तीन बाटल्या लावल्या की १०० मिलिग्रॅमच्या पुढे. आणि तुमचं 'नवं कंपाउंड' ३० मिलिग्रॅम.

म्हणून पानाशिवाय एक अख्खी फेरी करा. तेच फ्लास्क, तेवढंच मिथेनॉल, तेवढंच क्लोरोफॉर्म, तीच नळी, फक्त पूड नाही. शेवटी जे उरेल ते नमुन्याशेजारी प्लेटवर लावा. एक दिवस जातो. ज्यांनी हे केलंय त्यांच्यापैकी एकाच्याही फ्लास्कमध्ये शून्य उरलेलं मी पाहिलं नाही. एनएमआरमधले ०.०७ (ग्रीस), १.५६ (पाणी), ३.७ चं क्वार्टेट आणि १.२५ चं ट्रिपलेट (क्लोरोफॉर्म टिकावं म्हणून घातलेलं इथेनॉल) हेही तिथेच ओळखीचे होऊन जातात.

सॉल्व्हंट आणि रिएजंट यांच्यामुळे 'नैसर्गिक' कंपाउंड जन्माला येणं हे अडुळशापुरतं नाही. काडेचिराईताच्या अर्कावर अमोनिया वापरला की त्यातल्या स्वर्टियामारिनपासून जेन्शियानिन नावाचं अल्कलॉइड तयार होतं. नायट्रोजन अमोनियाच्या बाटलीतला, श्रेय वनस्पतीला. डायक्लोरोमिथेनसुद्धा काही अमीनांना चिकटून बसतं, तेव्हा अल्कलॉइड त्यात दिवसेंदिवस ठेवू नये. आणि क्लोरोफॉर्मचा कचरा ॲसिटोनच्या कचऱ्यात ओतू नका, त्यात थोडं जरी अल्क असेल तर बाटली तापते.

मग पानात वॅसिसिनोन असतंच का?

थोडं असतं. किती, हे तुमच्या पानावर आणि तुमच्या वेगावर आहे, म्हणून आधी ताज्या पानाची चाचणी करा आणि वाळवलेल्याशी ताडून बघा. अडुळसा शोधायला लांब जावं लागत नाही. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून गावाकडे तो कुंपणालाच असतो. पण पान अडुळशाचंच आहे याची खात्री करून घ्या, बाजारच्या वाळलेल्या पानांत महारुखाची पानं मिसळलेली सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली अडुळशाची पर्णरंध्रं डायसायटिक असतात, दोन सहायक पेशी आडव्या, आणि सिस्टोलिथ (पेशीतले कॅल्शियम कार्बोनेटचे खडे) दिसतात. पाच मिनिटांचं काम.

दोन-तीन ताजी पानं खलात मिथेनॉल घालून वाटा, कापसातून गाळा आणि दहा मिनिटांच्या आत प्लेटवर लावून लगेच चालवा. नुसता ठिपका देऊन चहाला जाऊ नका, सिलिकावर वाळलेला पातळ ठिपका म्हणजे ऑक्सिजनला उघडं पान वाढून ठेवल्यासारखं. त्याच पानांची दुसरी जोडी सावलीत आठवडाभर वाळवा, तिसरी उन्हात, आणि तिन्ही शेजारी बघा. वरच्या हिरव्या-करड्या पट्ट्यांकडे लक्ष देऊ नका, ते हरितद्रव्य आणि त्यातला मॅग्नेशियम गेल्यावर उरलेलं फियोफायटिन. आम्लाच्या पायरीनंतर ते हेक्सेनबरोबर निघून जातं. ते घालवायला कोळसा वापरू नका, तो अल्कलॉइडही पितो.

हे सगळं करून अडकलात तर विचारताना एवढं पाठवा: ड्रॅगनडॉर्फच्या आधीचा यूव्हीतला आणि नंतरचा असे प्लेटचे दोन फोटो, पानाशिवायच्या फेरीची लेन त्याच प्लेटवर, अमोनिया टाकल्याची आणि क्लोरोफॉर्म आटवल्याची वेळ, आणि एनएमआरची ट्यूब भरल्याची व रन झाल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखा सहसा कोणालाच सांगता येत नाहीत. त्या मशीनवाल्यांना विचारून घ्या, स्पेक्ट्रमच्या फाइलमध्ये रन झाल्याची तारीख असते.